घरचं माणूस

आज सकाळी चहा घेऊन मी बाबांच्या खोलीत गेले आणि त्यांनी पाठ फिरवली. एवढंच झालं. भांडण नाही, चढलेला आवाज नाही. ते पलंगाच्या कडेला बनियन वर करून बसले होते, हातात इन्शुलिनचं पेन होतं, आणि माझी चाहूल लागल्याबरोबर ते बसल्या जागी भिंतीकडे वळले, वर्गात डबा चोरून खाणारी मुलं वळतात तसे. बनियनखाली पाठीचा कणा दिसत होता, मानेवरचे केस वाढले होते, आणि पलीकडून पेनाची चकती फिरवल्याची टकटक येत होती. मी नकळत मोजायला लागले. टकटक थांबली. मी मोजतेय हे त्यांना न बघताही कळलं असावं. "ठेव तिथं," ते म्हणाले. मी कप टेबलावर ठेवला. "घेतलं का बाबा?" "घेतोय ना." "मी बघू का, आकडा नीट लागलाय का?" "त्यात काय बघायचंय? रोजचंच आहे." आम्ही दोघं तसेच राहिलो, ते भिंतीकडे तोंड करून आणि मी त्यांच्या पाठीकडे. शेवटी सुजितनं बाहेरून हाक मारली, बस चुकेल म्हणून. नवऱ्याच्या हाकेनं इतकं सुटल्यासारखं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. मी पर्स उचलली आणि निघाले.

सुजित मला नाशिक फाट्यावर सोडतो आणि तिथून कंपनीची बस मिळते. आज खिडकीची जागा मिळाली, पण भोसरी मागे पडली, मोशी आली, कंटेनरांच्या रांगेत बस अडकून पडली, तरी माझ्या डोळ्यांपुढून ती पाठ हलेना. मला राग येत होता, हे सांगून टाकलेलं बरं. दुःखबिःख नंतर. आधी राग. ज्या पेनाकडे बघू न देता त्यांनी पाठ फिरवली, त्याच जातीच्या पेनांवर माझं पोट चालतं. आमची कंपनी चाकणला इन्शुलिनची पेनं आणि सलाइनचे पंप बनवते. यंत्राचं पोट इंजिनिअर बघतात, त्याचा चेहरा माझ्याकडे. आकडा केवढा दिसावा, बटण कुठं असावं, चुकलं तर यंत्रानं कसं आणि किती जोरात ओरडावं. माझ्या सासूबाई गावी शेजारणींना सांगतात की सून डॉक्टरांच्या मशीनची चित्रं काढते, आणि त्या फार चुकत नाहीत. पण चित्रं हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा म्हणजे नमुना तयार झाला की माणसं बोलावायची, मधुमेहाची, हात कापणारी, चष्मा घरी विसरून आलेली, त्यांच्या हातात पेन द्यायचं, आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं शिकायला मला फार वेळ लागला. समोर एखादी म्हातारी चकती उलटी फिरवत असते, घामाघूम होते, आपल्याकडे आशेनं बघते, आणि आपण चेहऱ्यावर काहीही न उमटू देता बसायचं. मदत केली की ती चाचणी बाद. सुरुवातीला माझे हात आपोआप पुढं जायचे, म्हणून मी ते मांडीखाली दाबून बसत असे. आता तशी गरज पडत नाही.

आणि दोन वाक्यं असतात. कुणीही आलं की खुर्चीवर बसवून, पाणी देऊन, आधी ती म्हणायची. पहिलं असं की ही तुमची परीक्षा नाही, या पेनाची आहे, तुमचं काही चुकलं तर ती चूक आमची समजायची. हे ऐकलं की माणसाचे खांदे खाली येतात. मी ते शेकडो वेळा बघितलंय आणि दर वेळी मला स्वतःच्या कामाबद्दल बरं वाटलंय. दुसरं वाक्य आम्ही नंतर घातलं. म्हातारी माणसं पहिल्या वाक्यानं सैल व्हायची, पण खरं सांगायची नाहीत. विचारलं की सगळं छान, काही अडचण नाही, मला सगळं येतं. पुढं कळलं की त्यांना भीती कंपनीची नसते, बाहेर बसलेल्या मुलाची किंवा सुनेची असते. आपल्याला पेन जमत नाही हे घरी कळलं की आणखी काय काय काढून घेतलं जाईल, हा हिशोब त्यांच्या डोक्यात चालू असतो. म्हणून दुसरं वाक्य: इथं तुम्ही जे बोलाल ते तुमच्या घरच्यांना कळवलं जाणार नाही. त्यानंतर मात्र माणसं बोलायला लागली. इतकी की कधी कधी थांबवावं लागे.

बाबांना मी पहिलं वाक्य म्हटलं होतं. दुसरं म्हटलं नव्हतं. म्हणणार कशी, घरची मीच होते.

तेव्हा गणपती नुकतेच होऊन गेले होते. रविवार होता आणि मी एकटीच तळेगावला गेले होते. आई गेल्यापासून बाबा तिथं एकटेच राहत, स्टेशनच्या बाजूला आमचं बैठं घर आहे तिथं. सकाळी तळ्यापर्यंत फिरून यायचं, स्वतःपुरती भाजी करायची, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायचं. त्यांनी नोकरीही तिथल्याच एमआयडीसीत केली, एका कारखान्यात तपासनीस म्हणून. तयार झालेला पीस मापात बसतो की नाही ते बघायचं. बोलणं कमी. लहानपणी मी त्यांच्याशी जे बोलले ते बहुतेक आईमार्फत. आई गेल्यावर मधला माणूसच गेला आणि फोनवर आम्ही हवेबद्दल बोलायचो, जेवण झालं का विचारायचो. त्या रविवारी मी लेक म्हणून गेलेच नव्हते. खरं सांगायचं तर नव्या पेनाच्या कामात अडकले होते. चाचणीच्या खोलीत माणसं पेन कसं वापरतात ते दिसतं, पण घरी, कुकर चालू असताना, दारावर कुणी आलेलं असताना कसं वापरतात ते दिसत नाही. ते बघायला लोकांच्या घरी जावं लागतं. मला वाटलं, बाबा आहेतच की.

मी ते वाक्य म्हटलं तेव्हा ते हसले. "अस्सं? माझी परीक्षा नाही?" "नाही बाबा. यंत्राची." "आमच्याकडे सगळी परीक्षा पीसचीच असायची," ते म्हणाले आणि आतून पेन घेऊन आले. जेवणाआधीचं इन्शुलिन घ्यायचंच होतं. मी म्हटलं, करता करता बोला, मनात येईल ते. आणि ते बोलायला लागले. आकडा सोळा आहे की अठरा हे दिसत नाही, म्हणून ते टकटक मोजतात. मोजताना फोन वाजला की मोजणी हुकते. मग पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी घेऊन झालेलं असतं आणि घेतलं का नाही तेच आठवत नाही. "मग?" मी विचारलं. हा आमच्या कामातला शब्द. सूर वर न नेता, भुवया न उचलता म्हणायचा. "मग काय, घेतो परत. उपाशी राहण्यापेक्षा बरं." "अच्छा. आणि मग काय होतं?" "एकदा झालं जरा," ते हसत म्हणाले. "स्वयंपाकघरात खाली बसलो. म्हणजे बसलो असेन, मला पडल्याचं आठवत नाही. घाम असा की सदरा पिळावा. शेजारच्या इंदुताई ताक द्यायला आल्या म्हणून बरं. त्यांनी साखर भरवली. दुसऱ्यांदा मीच डब्यापर्यंत सरकत गेलो." इन्शुलिन दोनदा गेलं की रक्तातली साखर खाली खाली जाते. आधी घाम येतो, मग हात थरथरतात, मग माणूस बरळायला लागतो, आणि वेळेत गोड पोटात गेलं नाही तर संपतो. हे मला पाठ आहे. आमच्या पेनावरचा धोक्याचा आवाज याच माहितीवरून ठरवलाय. आणि समोर माझा बाप हे एखाद्या सहलीतली गंमत सांगावी तसं सांगत होता, आणि मी मान हलवत म्हणत होते, अच्छा, आणखी सांगा.

किंचाळायला हवं होतं, असं सुजित म्हणतो. कुठलीही मुलगी किंचाळली असती. पण किंचाळले असते तर ते तिथंच थांबले असते, आणि मला ते थांबायला नको होते. यात कामाचा भाग किती आणि दुसरा किती, हे मला अजून सांगता येत नाही. ते कधीच इतकं बोलले नव्हते. आईला शेवटच्या दिवसांत ते स्वतः इंजेक्शन द्यायचे आणि दर वेळी हात धुवायला जाऊन नळ सोडून उभे राहायचे, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. संध्याकाळी दिवा लावायचा कंटाळा येतो, हे सांगितलं. तळ्यावर एक ओळखीचा माणूस भेटतो, त्याचं नाव विसरलंय आणि आता विचारायची लाज वाटते, हे सांगितलं. त्यांचे खांदे खाली आले होते, तोंडावर रंग आला होता. मध्येच उठून त्यांनी माझ्यासाठी चहा केला. माझ्या आयुष्यात बापाशी झालेलं ते सगळ्यात चांगलं बोलणं होतं. आणि ते संपल्यावर मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "बाबा, आता तुम्ही इथं एकटं राहायचं नाही."

त्यांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. बराच वेळ त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. मग विचारलं, "यंत्राचं काय ठरलं?" मी म्हटलं, "बाबा, प्लीज." पुढच्या रविवारी मी आणि सुजित गाडी घेऊन गेलो. इंदुताई त्यांच्या फाटकाशी उभ्या होत्या. त्या जुन्या तळेगावच्या, मनात काही ठेवणाऱ्या नव्हेत. "न्हेताय व्हय त्यास्नी?" त्या म्हणाल्या. "मला म्हणली असतीस तर मी दोन टायमाला येऊन बघितलं असतं. येतच व्हते की." मी काहीतरी उत्तर दिलं. गाडीत बाबा पुढं बसले, दोन बॅगा मागे माझ्याशेजारी. सोमाटणे फाट्यापाशी ते सुजितला म्हणाले, माझ्याकडे न बघता, "आमच्याकडे पीस रिजेक्ट झाला की लाल रंग लावून बाजूला ठेवायचो." सुजित उगीच हसला. "पीसला आधी काही विचारायचो नाही पण," बाबा म्हणाले आणि खिडकी वर केली.

मी चुकले असं मला वाटत नाही. हे मी स्वतःशी इतक्यांदा म्हटलंय की त्याला आता काही चवच उरलेली नाही. तिसऱ्यांदा डबा हाताला लागला नसता तर? इंदुताई लग्नाला गेलेल्या असत्या तर? कुठल्याही डॉक्टरला विचारा. पण बरोबर असण्याचा काही उपयोग होत नाही, हे मला आमच्या फ्लॅटमध्ये त्यांना आणल्यावर कळलं. ते भांडले असते तर बरं झालं असतं. ते अतिशय चांगले वागायला लागले. जेवण कसं झालंय? छान. झोप लागली का? छान लागली. पाय दुखतात का? छे. सगळं सोपं, सगळं छान, काही अडचण नाही. ही उत्तरं मला ओळखीची होती. समोरच्याला काय ऐकायचंय ते कळलेली माणसं अशी उत्तरं देतात, आणि आम्ही ती कागदावर घेतो खरी, पण मोजत नाही. आमच्यात गंमत म्हणून म्हणतात, छान आलं की समजायचं माणूस हातचा गेला. सुरुवातीला मी पेन माझ्या कपाटात ठेवलं, वेळ झाली की मीच देईन म्हटलं. त्यांनी विरोध केला नाही. फक्त वेळ झाली तरी मागितलं नाही. मी ऑफिसात अडकले, उशीर झाला, ते उपाशी बसून राहिले. दुसऱ्यांदा न घेताच जेवले, आणि साखर इतकी चढली की डॉक्टर माझ्यावरच ओरडले. म्हणून पेन परत त्यांच्या उशाशी गेलं. तळेगावात एकटे होते म्हणून आणलं, तर इथं सातव्या मजल्यावर दिवसभर एकटेच असतात. दुपारी कामवाली पिंकी येऊन पोळ्या करून जाते, तेवढाच माणसाचा आवाज. त्यांनी पेन नीट घेतलं की दोनदा घेतलं की घेतलंच नाही, हे आता मला फक्त त्यांच्या तोंडून कळणार, आणि ते तोंड मीच बंद करून ठेवलंय. कधीतरी संध्याकाळी मी कुलूप उघडीन आणि उशीर झालेला असेल. ही भीती मी रोज डब्याबरोबर चाकणला घेऊन जाते.

चाकणला तळेगाव चौकात बस वळण्यासाठी थांबते. डावीकडे तळेगावचा रस्ता जातो. पूर्वी काम लवकर आटोपलं की मी इथं उतरून शेअर रिक्षा पकडून बाबांकडे जाऊ शकले असते. किती वेळा गेले? एकदाही नाही. आता जायला कुणी नाही तर रोज मान तिकडे वळते.

आज चाचणीला कुसुमताई होत्या, रहाटणीच्या. अंगावर धुवट नऊवारी, कपाळावर गोंदण, आणि बरोबर सून, जिला आम्ही बाहेर बसवलं. काचेच्या पलीकडे स्वरूपा होती. ती माझ्याबरोबर काम करते. मी आत बसते, ती काचेमागून बघून टिपणं घेते आणि माझ्या कानातल्या यंत्रातून मला सूचना देते. मी कुसुमताईंना पाणी दिलं आणि तोंड उघडलं, आणि पहिलं वाक्य आलंच नाही. विसरले नव्हते. बनियनमधली पाठ मध्ये आली. "अनुया, सुरू कर," स्वरूपा कानात म्हणाली. मी पेन पुढं सरकवलं आणि नुसतंच म्हटलं, "घ्या." कुसुमताईंनी पेन घेतलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, चकती फिरवली, पुन्हा माझ्या तोंडाकडे बघितलं. आकडा चुकलेला होता. "बराबर हाय ना?" मी गप्प. "लई चांगलं हाय पेन," त्या घाईनं म्हणाल्या. "काय बी तरास न्हाई. समदं येतंय मला." स्वरूपा कानात पुटपुटली, "अगं, दोन्ही वाक्यं राहिली." मग मी म्हटलं. पहिलं नाही, दुसरंच. "ताई, इथं बोलाल ते घरी कुणाला कळणार नाही." त्यांनी दाराकडे बघितलं. "सुनंला?" "नाही." "ल्येकाला?" "कुणालाच नाही." कुसुमताईंनी पेन टेबलावर ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "मला आकडंच दिसत न्हाईत, बाई. लई दिस झालं. घरी म्हनलं तर गावच्या जत्रंला धाडायची न्हाईत." आणि मग त्या बोलत सुटल्या. मी अच्छा म्हणत होते, मग म्हणत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येऊन हसू येत होतं. खोलीबाहेर पडल्यावर सुनेनं मला विचारलं, "कसं जमलं हो त्यांना?" मी म्हटलं, "छान." स्वरूपानं टाळी दिली, काय सेशन झालं म्हणून. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

परत येताना बस रिकामी होती. थंडी पडायला लागलीये, काचा लावून घेतल्या होत्या, आणि रस्त्याकडेच्या कारखान्यांचे दिवे लागत होते. मी ठरवत होते की आज बाबांशी बोलायचं. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. माफी मागायची तर कशाची? पुन्हा तेच करीन हे मला माहीत होतं.

दारावरची बेल वाजवली तर कुणी आलं नाही. मी माझ्या किल्लीनं उघडलं. दिवे लावलेले नव्हते. बाबा हॉलमधल्या खुर्चीत होते, सदरा अंगाला चिकटलेला, पंखा बंद, थंडीत. पायाशी पेन पडलं होतं. मी दिवा लावला तेव्हा त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं, पण ते बघणं माझ्यापर्यंत पोचलंच नाही. "कोण?" ते म्हणाले. मी पर्स टाकून पुढं झाले. "बाई, जरा साखर असेल का हो?" ते म्हणाले. जीभ जड झाली होती. "हे कुणाचं घर आहे ते कळेना. उठता येईना मला."

मी स्वयंपाकघरात धावले. पाण्यात साखर घातली, चमचा पेल्यावर आपटत होता, ओट्यावर साखर सांडली. परत येऊन त्यांच्या पायांशी बसले, पेला ओठांशी नेला. त्यांनी तोंड घट्ट मिटलं. थरथरत्या हातानं पेला बाजूला केला. "आधी सांगा. माझ्या मुलीला कळवणार नाही ना?" "प्या आधी." "नाही. सांगा." कपाळावरून घामाचा ओघळ भुवईत उतरत होता. "ती चांगली आहे हो. फार हुशार आहे. पण तिला काही सांगितलं की ती लगेच..." ते थांबले. "लगेच काय?" मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच कळला, सूर वर न गेलेला. "लगेच न्यायला येते," बाबा म्हणाले.

"नाही कळवत," मी म्हटलं.

मग ते प्यायले. लहान मुलासारखे दोन्ही हातांनी माझा हात धरून, आवाज करत. मी दुसरा पेला आणला, तोही प्यायले. आणि बोलायला लागले. दोनदा झालं बहुतेक, म्हणाले. खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली आणि मोजणी गेली. रोजच जाते. इथं आवाज फार आहेत. भीती वाटते, म्हणाले, मरायची नाही, त्या आधीच्या वेळेची. पोरगी दारात उभी राहते, तिच्या डोळ्यांदेखत हात जास्तच कापतो. तळ्यावरच्या त्या माणसाचं नाव आठवलं काल, अनंत, पण आता सांगायचं कुणाला? मी फरशीवर बसले होते आणि म्हणत होते, मग? आणि मग? तीन महिन्यांत पहिल्यांदा माझा बाप माझ्याशी बोलत होता. ती साखर जरा सावकाश चढावी असं मला वाटलं. खरंच वाटलं. त्यांचा घाम सुकत होता, हात स्थिर होत होता, शब्द जागेवर येत होते, आणि प्रत्येक शब्दाबरोबर ते माझ्यापासून लांब जात होते. एका वाक्याच्या मध्येच ते थांबले. खोलीकडे बघितलं, टीव्हीकडे, सुजितच्या बुटांकडे, मग माझ्याकडे. या वेळी बघणं पोचलं. त्यांनी सदऱ्याची कॉलर नीट केली आणि पायानं ते पेन हळूच खुर्चीखाली सारलं. मी रिकामा पेला पाठीमागे घेतला.

"आलीस?" ते म्हणाले. "कधी आलीस?"

"आत्ताच."

"बस की वर. खाली का बसलीस?"

मी उठले. पेला तसाच पाठीमागे होता. "बाबा, इन्शुलिन घेतलंत?"

"घेतलं ना," बाबा हसून म्हणाले. "एकदाच."